लिनक्स मिंटवरून फोटो फिके अन् दाणेदार येऊन राहिले, मोबाईलवरून बरे येतात. काय पाहू?

सेतूवाला_दारव्हा

नमस्कार मंडळी. दारव्ह्याजवळच्या एका खेड्यात माझं छोटं ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा, पीकविमा, झेरॉक्स, आणि जून लागला की शाळा-कॉलेजच्या फॉर्मचे पासपोर्ट फोटो. कॉम्प्युटर जुना, विंडोज चालू व्हाले चहा पिऊन यावं एवढा वेळ घे, म्हणून भाच्यानं लिनक्स मिंट २१ टाकून दिलं अन् तो गेला पुण्याले. मशीन मस्त पळते, त्याची काही तक्रार नाही.

तक्रार फोटोची आहे. प्रिंटर चार बाटल्यांचा इंक टँकवाला, यूएसबीनं जोडलेला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळे त्याच भांडणात घुसतात. साधा मजकूर एक नंबर येते. पण चार बाय सहाच्या ग्लॉसी कागदावर फोटो काढला की चेहरा फिका, गालावर रवा सांडल्यावाणी ठिपके, काळे केस राखाडी, अन् त्या केसावर बोट फिरवलं का काळं बोटाले लागते, दुसऱ्या दिवशी सुद्धा लागते. वरून आडव्या बारीक पांढऱ्या रेषा. तोच फोटो, तोच कागद मोबाईलच्या ॲपवरून काढला तर रेषा तेवढ्याच असतात पण रंग बरे येतात अन् काळं पुसत नाही. मंग प्रिंटरले येते अन् लिनक्सले येत नाही असं समजू का?

बाजाराच्या दिवशी एका बाईनं पोराचे फोटो वापस केले, म्हणे भाऊ माझं पोरगं असं बिमार काहून दिसून राहिलं. पैसे द्या लागले. क्वालिटी 'हाय' करून पाहिली, फरक थोडासाच. डीपीआय कुठं वाढवाचा ते तर दिसतच नाही. ड्रायव्हर कोणता टाकू ते सांगा, टर्मिनल थोडंफार येते, कमांड सांगितली तर मारतो.

सावजी_रस्सा

विंडोज टाक भाऊ, कटकट मिटन.

झाडीपट्टीकर

वरच्या भाऊचं मनावर घेऊ नका, विंडोज टाकून पांढऱ्या रेषा जात नाहीत. आमच्या आरमोरीकडच्या शाळेत दोन्ही प्रकारच्या मशीन आहेत आणि प्रिंटर एकच, रेषा आल्या की दोन्हीवर येतात.

सेतूवाले भाऊ, तुम्ही दोन वेगळी दुखणी एकाच दमात सांगून दिली, ती आधी वेगळी करा. जे मोबाईलवरूनही होते ते प्रिंटरचं, जे फक्त लिनक्सवरून होते ते सेटिंगचं. म्हणजे रेषा हे हेडचं, शाई टाकणाऱ्या भागाचं, काम आहे. यूएसबी काढून टाका, कॉम्प्युटरचा संबंधच ठेवू नका, आणि प्रिंटरच्या बटनांवरून नोझल चेक, म्हणजे हेडच्या बारीक छिद्रांची तपासणी, काढा. कोणती बटनं दाबाची ते मॉडेलप्रमाणे बदलते, सोबत आलेल्या पुस्तकात असते. कागदावर चार रंगांच्या जाळ्या येतात, कोणती जाळी मधात तुटली ते उजेडात नेऊन पहा. पिवळी जाळी नीट दिसत नाही, तिच्यासाठी मोबाईलचा टॉर्च तिरपा धरा.

कोणती तुटली त्यावरून चेहऱ्याचं पण कळते. कातडीचा रंग मुख्य म्हणजे गुलाबी बाटली आणि पिवळी बाटली याच्यातूनच बनतो. गुलाबी, म्हणजे मॅजेंटा, कमी पडली तर चेहरे हिरवट मारतात. पिवळी कमी पडली तर जांभळट, आणि निळी कमी पडली तर सगळे उन्हातून आल्यासारखे लाल. तुमचं पोरगं बिमार दिसलं त्यात मॅजेंटाचा हात असू शकते.

आता हे होते काहून तर आपल्याकडची लाईन आणि आपल्याकडचं ऊन. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटनानं बंद केला तर हेड एका कोपऱ्यात जाऊन रबरी टोपीखाली बसते, शाई वाळत नाही. पण छपाई चालू असताना लाईन गेली, किंवा संध्याकाळी दुकान बंद करताना आपण भिंतीवरचं एकच बटन दाबून सगळं एकदम बंद केलं, की हेड जिथं आहे तिथंच उघडं राहते. ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, वरून खोलीत पंखा गरम हवा फेकून राहिला असतो, अशात नोझलच्या तोंडाशी शाई वाळायला किती वेळ लागते. मी तर सगळ्या मास्तर लोकांना सांगून ठेवलं की आधी प्रिंटरचं बटन, त्याचा आवाज थांबू द्या, मग बोर्ड. तरी एखादा महाभाग असतोच. जमलं तर इंकजेट छोट्या यूपीएसवर ठेवा, लाईन गेल्यावर तेवढं पान पूर्ण होते आणि नीट बंद करता येते. लेझर प्रिंटर मात्र त्या यूपीएसवर लावू नका, तो गरम व्हायला एकदम जोर ओढतो.

जाळी तुटलेली निघाली तर हेड क्लीनिंग एकदा, मग परत नोझल चेक. दोनतीनदा करून फरक नाही पडला तर थांबा, रात्रभर प्रिंटर बंद ठेवा, सकाळी परत पहा, बरेचदा वाळलेली शाई तेवढ्या वेळात भिजून सुटते. उगाच दाबत बसू नका, कारण क्लीनिंगची सगळी शाई आतल्या स्पंजात जाते आणि तो भरला की प्रिंटर छापायचंच नाकारतो.

सेतूवाला_दारव्हा

सर तुमचं बरोबर निघालं, गुलाबी जाळी मधातून गायब होती अन् काळीचे दोन दात पडलेले. सांगितलं तसं केलं, रात्रभर ठेवलं, सकाळी चारही जाळ्या पूर्ण. रेषा गेल्या. मोबाईलवरून तर आता स्टुडिओसारखा फोटो येऊन राहिला.

पण लिनक्सवरून अजून फिकाच. ठिपके पण हायेत. अन् काळं बोटाले लागतेच. म्हणजे तुमचं दुसरं दुखणं राहिलं.

वर्ध्याचा_पेंग्विन

भाऊ, काळं बोटाला लागतं या तुमच्या वाक्यातच अर्धं निदान आहे, ते वाचूनच लिहायला बसलो.

चार बाटल्यांच्या बऱ्याच प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंटची असते आणि बाकी तीन रंग डायचे, म्हणजे द्रवात पूर्ण विरघळलेले. पिगमेंट म्हणजे द्रवात मिसळलेली बारीक भुकटी, साध्या कागदाच्या तंतूत ती अडकून बसते म्हणून अक्षर ठसठशीत येतं. फोटो पेपरच्या चकचकीत थरात डाय मुरतो, ही भुकटी मुरत नाही, वरच बसते, म्हणून पुसते. प्रिंटरला जर सांगितलं की आत ग्लॉसी कागद आहे तर तो काळी बाटली बाजूला ठेवतो आणि तीन रंग मिसळून काळं बनवतो. तुमचं पुसतंय याचा अर्थ प्रिंटरला पत्ताच नाही की आत फोटो पेपर आहे. तो साधा कागद समजून छापून राहिला, शाई पण साध्या कागदाच्या हिशोबानं मोजून टाकतोय, म्हणून केस राखाडी आणि गालावर ठिपके. मोबाईल ॲपमध्ये कागदाचा प्रकार समोरच दिसतो म्हणून तिथं तुम्ही ग्लॉसी निवडत असणार. लिनक्समध्ये तोच पर्याय दोन खिडक्या आत आहे.

आणि डीपीआयच्या मागे लागू नका. खोक्यावर ४८०० नाहीतर ५७६० लिहिलेलं असतं ते शाईचे थेंब किती जवळ पडू शकतात त्याचं माप आहे. प्रिंटरकडे रंग चारच, मधल्या सगळ्या छटा तो थेंब दाट-विरळ टाकून डोळ्याला भासवतो, त्यामुळे फोटोतल्या एका पिक्सेलच्या जागेत कितीतरी थेंब पडतात. फोटोत इंचाला ३०० पिक्सेल असले की झालं, त्याच्यावर दिलं तरी डोळ्याला कळत नाही, फक्त काम जड होतं.

आता निरोप कुठं अडकतो ते. मिंट २१ पासून नवा यूएसबी प्रिंटर जोडला की सहसा ड्रायव्हर न टाकताच चालू होतो, तुमचाही तसाच झाला असेल. मागे आयपीपी-यूएसबी नावाची एक सर्व्हिस असते, ती यूएसबीवरच्या प्रिंटरला नेटवर्कवरचा प्रिंटर असल्यासारखं दाखवते. मग कप्स (लिनक्सची सगळी छपाई हेच सांभाळतं, १९९९ पासूनचं आहे, मॅकमध्ये पण तेच) प्रिंटरलाच विचारून घेतं की बाबा तुला काय काय जमतं, आणि त्यावरून क्यू (कामाची रांग, यादीत प्रिंटर म्हणून दिसते ती) तयार करतं. सोय चांगली आहे, माझा काही विरोध नाही. पण डिफॉल्ट सगळे ऑफिसच्या कामाचे बसतात. कागद साधा, दर्जा नॉर्मल.

टर्मिनलमध्ये एलपीस्टॅट डॅश टी मारा (कमांड इंग्रजी अक्षरांत, हे सांगायला नको). प्रिंटरच्या नावापुढे जो पत्ता दिसेल तो आयपीपीनं किंवा इम्प्लिसिटक्लासनं सुरू होत असेल तर ड्रायव्हरशिवायचा क्यू, यूएसबीनं सुरू होत असेल तर ड्रायव्हरवाला. मग एलपीऑप्शन्स डॅश पी, पुढे क्यूचं नाव, पुढे डॅश एल. लांबलचक यादी येईल, त्यात मीडियाटाइपची ओळ शोधा. ज्या शब्दाच्या आधी तारा (*) असेल ते सध्या लागू आहे. मी पैज लावतो की तारा स्टेशनरीवर, म्हणजे साध्या कागदावर, असेल.

बदलायचं तर दोन रस्ते. एकेका कामापुरतं हवं तर प्रिंटच्या खिडकीत पेज सेटअपच्या टॅबमध्ये पेपर टाइप, आणि क्वालिटी त्याच्या पुढच्या टॅबात. कायमचं हवं तर ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट कोलन ६३१ टाका, प्रिंटर्स, तुमचा क्यू, आणि ॲडमिनिस्ट्रेशनच्या यादीत सेट डिफॉल्ट ऑप्शन्स. नाव-पासवर्ड मागेल, तो तुमच्या मशीनचाच. तिथं कागद ग्लॉसी, साइज चार बाय सहा, क्वालिटी हाय.

एक गोष्ट, फोटो फायरफॉक्समध्ये उघडून छापत असाल तर त्याच्या स्वतःच्या प्रिंट खिडकीत कागदाचा प्रकार दिसतच नाही. खाली बारीक अक्षरात सिस्टिम डायलॉगवाली लिंक असते तिच्यावर जा.

सेतूवाला_दारव्हा

पैज जिंकले भाऊ. तारा स्टेशनरीवर, अन् त्याच ओळीत फोटोग्राफिकग्लॉसी लिहून होतं, एवढे दिवस तिथंच बसलं होतं.

ग्लॉसी केलं, काळं पुसणं एकदम बंद. केस काळे आले. ठिपके बरेच गेले, पण मोबाईलसोबत ठेवून पाहिलं तर अजून एकोणीस-वीसचा फरक आहे, थोडा मळकट वाटते. म्हणून कंपनीच्या साइटवरून लिनक्सचा ड्रायव्हर उतरवला, तर आता यादीत दोन-दोन प्रिंटर दिसून राहिले अन् नवीनवाल्यावर काम दिलं का ते अडकूनच राहते. पुढं सरकत नाही, एरर पण देत नाही. बाहेर गिऱ्हाईक उभे.

वर्ध्याचा_पेंग्विन

अपेक्षित होतं. यूएसबीची तार एक आणि धरणारे दोन. आयपीपी-यूएसबीनं प्रिंटर आधीच पकडून ठेवला आहे, तो सोडत नाही, म्हणून कंपनीच्या ड्रायव्हरला दारच उघडत नाही.

सोपा उपाय म्हणजे आयपीपी-यूएसबी काढून टाकणं, अ‍ॅप्ट रिमूव्ह करून. मग तार काढून परत लावा, दोन्ही जुने क्यू पुसा, आणि ॲड प्रिंटरमधून कंपनीच्या ड्रायव्हरनं नवा बनवा. पण थांबा, तुमचा ऑल-इन-वन असेल तर स्कॅनर पण त्याच रस्त्यानं चालत होता, तो बंद पडेल. तुमच्या धंद्यात स्कॅनर बंद म्हणजे अर्धं दुकान बंद.

त्यापेक्षा प्रिंटरला वायफाय असेल तर (मोबाईलवरून छापता म्हणजे असणारच) तार काढूनच टाका. वायफायवर एकाच प्रिंटरचे कितीही क्यू बनवता येतात, कोणी कोणाला अडवत नाही. कंपनीच्या ड्रायव्हरचा एक क्यू फोटोसाठी, बिनड्रायव्हरचा एक सातबाऱ्यासाठी, आणि स्कॅनिंग त्याच्या जागी चालू. सेन-एअरस्कॅन नावाचं पॅकेज तेवढं काढू नका, नेटवर्कवरचं स्कॅनिंग त्याच्यावरच चालतं. राउटरमध्ये प्रिंटरचा आयपी पक्का करून ठेवा, नाहीतर लाईन जाऊन आली की प्रिंटर नवीन पत्त्यावर राहायला जातो आणि तुम्ही जुन्या पत्त्यावर कागद पाठवत बसता.

ड्रायव्हरचं म्हणाल तर एप्सनचा ईएससी-पी-आर आणि एचपीचा एचपीलिप हे मिंटच्या सॉफ्टवेअर यादीतच मिळतात. कॅनन आणि ब्रदरचे त्यांच्या साइटवर. जुन्या मॉडेलसाठी गुटेनप्रिंट आहे, त्यात शाईची मात्रा, गॅमा, एकेका रंगाचं प्रमाण सगळं हातात मिळतं, पण ते इतकं आहे की पाहूनच माणूस घाबरतो. टर्बोप्रिंट म्हणून एक विकतचा पण आहे, आधी ट्रायल घेऊन पाहता येते. तुम्हाला त्याची गरज पडेल असं मला वाटत नाही.

मळकटपणाबद्दल. बऱ्याच कंपन्यांचं विंडोज आणि मोबाईलचं सॉफ्टवेअर विचारल्याशिवाय फोटो 'सुधारून' छापतं, उजेड वाढवतं, रंग चढवतं. लिनक्स जसा फोटो आहे तसा पाठवतं. म्हणून शेजारी ठेवले की लिनक्सचा मळकट दिसतो, खरं तर तो मूळ फोटोच्या जास्त जवळ असतो. पण गिऱ्हाइकाला खरं नको असतं, गोरं हवं असतं, ते मी समजू शकतो. गिंपमध्ये (फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर) उजेडाची कर्व्ह थोडी मधातून वर उचला, बस.

फोटोवाली_वणी

गोऱ्याचं बरोबर बोललात दादा. आमच्या स्टुडिओत नवरीचे फोटो असले की आई सांगते थोडी उजळ करा, आणि मावशी कानात येऊन सांगते जास्त करू नका, पोरगी ओळखू नाही येत.

सेतूवाले भाऊ, प्रिंटरचं सगळं ठीक झालं तरी फोटोच कच्चा असेल तर काय कराल. लोक फोटो कुठून देतात तुम्हाला? व्हॉट्सॲपवरून ना? साधा पाठवला की तो दाबून लहान होऊन येतो. पूर्ण उभा माणूस, मागे ट्रॅक्टर, आणि त्यातून तुम्ही चेहरा कापणार. कापल्यावर चेहऱ्याचा तुकडा २५० पिक्सेल रुंद उरला तर ३५ मिलिमीटरवर तो इंचाला १८० च्या आसपासच पडतो. पासपोर्ट फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, त्याला ४१३ बाय ५३१ पिक्सेल लागतात, तेव्हा कुठं ३०० बसते. गिंपमध्ये स्केल करून ४१३ केलं म्हणजे झालं असं नाही, नुसतं ताणल्या जाते, डोळ्याच्या पापण्या काही परत येत नाहीत. गिऱ्हाइकाला सांगायचं की डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर सरळ दुकानाच्या दारात उभं करून स्वतःच काढा. सकाळची सावली सगळ्यात चांगली, दुपारी बाराच्या उन्हात डोळ्याखाली काळं पडते आणि ते कोणत्याच प्रिंटरनं जात नाही.

चार बाय सहाच्या कागदावर आठ फोटो बसतात, चार-चारच्या दोन ओळी. गिंपमध्ये १८०० बाय १२०० चं कोरं पान करा, त्यात आठ चिकटवा, मधात कापायला जागा सोडा, आणि ते पान टेम्प्लेट म्हणून ठेवून द्या. छापताना बॉर्डरलेस करू नका. बॉर्डरलेसमध्ये ड्रायव्हर कागदाच्या बाहेर जाईपर्यंत फोटो थोडा फुगवतो, मग ३५ चे ३६-३७ होतात आणि फॉर्मवरच्या चौकोनात बसत नाहीत. फिट टू पेज पण नको, शंभर टक्केच ठेवा.

लिबरऑफिसच्या रायटरमध्ये फोटो टाकून छापायची सवय असेल तर सोडा. तिथंच छापायचं असेल तर टूल्स, ऑप्शन्स, प्रिंट मध्ये रिड्यूस बिटमॅप्स म्हणून आहे, त्यावर टिक असेल तर काढा, नाहीतर तुमचा फोटो छापायच्या आधीच बारीक होऊन जातो.

कागदाचं पण पहा. नागपूरच्या सीताबर्डीवरून येतो तो सगळाच सारखा नसतो. पाकिटावर इंकजेट लिहिलं आहे का ते पहा, लेझरचा ग्लॉसी कागद इंकजेटमध्ये घातला तर शाई मुरतच नाही, ओघळते. चकचकीत बाजू कोणती ते ओल्या बोटाच्या टोकानं कोपऱ्याला टेकवून कळते, जी चिकटते ती छापायची. उघडलेलं पाकीट पावसाळ्यात तसंच ठेवू नका, कागद वळतो आणि हेड त्याला घासते. आणि फोटो निघाल्याबरोबर लॅमिनेशनमध्ये नका घालू, वरून कोरडा वाटला तरी आत ओल असते.

शाई बाटलीतली कोणती भरता ते विचारत नाही. पण प्रत्येक वेळी वेगळ्या बनावटीची भरत असाल तर आज जमवलेला रंग उद्या जमणार नाही, एवढं ध्यानात ठेवा.

कापूस_खामगाव

मधातच विचारतो, माफ करा. आमचे बाबा गेल्या वर्षी गेले, त्यांचा एकच फोटो आहे, आधार कार्डावरचा, आणि एक जुना पासपोर्ट साइज पेटीत सापडला. फ्रेमसाठी मोठा करायचा आहे, लिनक्सवर काही चांगलं सॉफ्टवेअर आहे का?

फोटोवाली_वणी

दादा, आधारवरचा सोडून द्या, त्यात काहीच नाही. पेटीतला घ्या. मऊ कापडानं धूळ पुसा, ओलं काही लावू नका, आणि स्कॅनरच्या काचेवर ठेवून ६०० वर स्कॅन करा, फोटो मोडमध्ये, टेक्स्टमध्ये नाही. मोबाईलनं फोटोचा फोटो काढू नका, चमक येते. ६०० वर साधारण ८२७ बाय १०६३ पिक्सेल मिळतील, त्याचा पाच बाय सातचा प्रिंट इंचाला १५० च्या आसपास पडतो, भिंतीवर लावायला चालते. आठ बाय दहा केला तर चेहरा विरघळतो. फ्रेम मोठीच घ्या हवी तर, मधात पाच बाय सातचा फोटो आणि भोवती रुंद पांढरा माउंट, ते जास्त शोभते. कागद मॅट घ्या, ग्लॉसीवर दोष उठून दिसतात.

चेहरा आपोआप बनवून देणारी ॲपं निघाली आहेत, मोठा आणि एकदम साफ करून देतात. माझं मत विचाराल तर घरच्या माणसाच्या फोटोला ती नको. डोळे दुसऱ्याचेच येतात.

कापूस_खामगाव

समजलं ताई. पेटीतलाच करतो.

सेतूवाला_दारव्हा

मंडळी, वायफायवर घेतला प्रिंटर. राउटरमधी पत्ता पक्का केला, कंपनीच्या ड्रायव्हरचा क्यू बनवला, ग्लॉसी अन् हाय. वणीच्या ताईनं सांगितलं तसं १८०० बाय १२०० चं पान केलं, मोजपट्टी लावून पाहिली, ३५ म्हणजे ३५. मोबाईलवरचा अन् लिनक्सवरचा सोबत ठेवून दुकानातल्या पोराले विचारलं कोणता कोणता, त्यानं उलटं सांगितलं.

आता एकच. तो पोरगा सातबारा पण फोटोवाल्या क्यूवरूनच काढून राहिला. एक पान निघाले लय वेळ लागते अन् शाई पण जाते.

झाडीपट्टीकर

हे होणारच होतं. साधा क्यू डिफॉल्ट करून ठेवा, मग न बघता एंटर मारलं तरी साध्यावरच जाईल.

वर्ध्याचा_पेंग्विन

हो, आणि दोन्हीची नावं कंपनीनं दिलेली लांबलचक ठेवू नका, पोरगा पहिलं दिसेल ते दाबतो. क्यू नव्यानं बनवताना इंग्रजीत साधा-ए-फोर आणि फोटो-चार-सहा असं काहीतरी द्या, मधात मोकळी जागा सोडू नका, कप्सला ती चालत नाही. फोटोवाल्याचा कागद चार बाय सहा डिफॉल्ट असला आणि प्रिंटरमध्ये एफोर असला, तर कागद जुळत नाही म्हणून बरेच प्रिंटर थांबून विचारतात. तुमचा विचारणारा असेल तर तेवढ्यात पोराच्या लक्षात येईल.

सेतूवाला_दारव्हा

केलं. विचारते आपला. आता तो विचारला का पोरगा मलेच आवाज देते.